शब्द आहे सरकारांचा

आमच्या सरकारांच्या शब्दावर मतदारांनी कधी विश्वास ठेवला नाही. कावळे मात्र ठेवत.

ही थट्टा नाही. हडपसरच्या आसपास जी जी गावं पुण्याने पोटात घातली, त्यातल्या कुठल्याही घाटावर जाऊन विचारा. दहाव्याचा दिवस आहे, नदीकाठी पिंड मांडलाय, कावळा शिवत नाही, भटजी घड्याळ बघतायत आणि मुलगा रडकुंडीला आलाय. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलेली आहे, हे उघडच असतं. मुलगा म्हणतो, "अण्णा, धाकटीचं लग्न थाटात करीन." कावळा ढिम्म. जावई म्हणतो, "मामा, बांधाचं भांडण मिटवतो." कावळा मान फिरवतो. मग गर्दीतून कुणीतरी म्हणतं, "सरकारांना पुढं येऊ द्या." आणि श्रीमंत सरदार मानसिंगराव हिवरकर पुढे येतात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळाला उभं गंध, पायातले बूट काढायला वाकलेला ड्रायव्हर किसन. सरकार हात जोडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "अण्णा, तुमच्या नातवाला नोकरीला लावतो. शब्द आहे सरकारांचा. विषय संपला." की कावळा आलाच.

मला विचाराल तर यात चमत्कारबिमत्कार काही नाही. सरकार सगळीकडे उशिरा पोहोचतात. लग्नात अक्षता पडल्यावर, सभेत आभारप्रदर्शनाला आणि दहाव्याला उन्हं चढल्यावर. तोवर कावळ्याला भूक लागलेली असते. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर आमच्या सोसायटीच्या वॉचमननेसुद्धा देवळातली घंटा चोरल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. आणि त्या नातवाचं म्हणाल, तर तो अजून रिक्षाच चालवतो. कावळ्याला पुढची चौकशी करता येत नाही, एवढंच.

मी आपटे. जन्म पेठेतला, नोकरी मुलींच्या शाळेत ग्रंथपालाची, आणि निवृत्तीनंतरचा मुक्काम 'श्रीमंत व्हिस्टा' नावाच्या सोसायटीत. ही सोसायटी सरकारांच्या उसाच्या फडावर उभी आहे. मी तिची सेक्रेटरी आहे, कारण निवडीच्या सभेला वेळेवर गेलेली मी एकटीच होते. सरकारांचा बंगला आमच्या भिंतीला लागून. तेव्हा त्यांचा त्रास मला घरपोच आहे.

सरदारकीची हकिगत ते स्वतःच सांगतात, विचारावी लागत नाही. त्यांच्या कुणा पूर्वजाने कुठल्याशा लढाईत आपला घोडा धन्याला दिला म्हणे. धनी त्या घोड्यावर बसून लढले. घोडा जखमी झाला. सरदारकी आणि जमीन मिळाली हिवरकरांना. म्हणजे धनी लढले, घोडा लढला. त्या वेळी हिवरकर कुठे होते, हे मी एकदा विचारलं. सरकार म्हणाले, "आपटेबाई, आपण पेठेतल्या. आपल्याला इतिहासातलं काय कळणार."

बंगल्याच्या दिवाणखान्यात एक तलवार आहे, सिंहासनाच्या जातीची एक खुर्ची आहे आणि भिंतीवर वाघाचं मुंडकं आहे. वाघ खरा की खोटा, याचं उत्तर माणूस बघून मिळतं. पाहुण्यांसाठी तो खरा आहे आणि आजोबांनी मारलेला आहे. वनखात्यातला माणूस चहाला आला की तो खोटा आहे आणि जत्रेतून आणलेला आहे. त्या वाघाच्या कानातून आता कापूस बाहेर आलाय, पण कापूस दोन्ही प्रकारच्या वाघांत भरतात, त्यामुळे काही सिद्ध होत नाही.

राजकारणात ते आले तेही घोड्यावर बसूनच, म्हणजे नावाच्या. आधी सरपंच. बिनविरोध, कारण निम्मं गाव त्यांचं कूळ होतं आणि उरलेलं भाऊबंद. मग गाव महापालिकेत गेलं, उसाच्या जागी इमारती आल्या, सरपंचकी बुडाली आणि सरकार नगरसेवक झाले. पाच वर्षांत त्यांनी काय केलं, तर चौकात स्वतःच्या आजोबांच्या नावाची कमान उभी केली. ती इतकी बुटकी झाली की पाण्याचा टँकर खालून जाईना. कमान राहिली, टँकर लांबून येऊ लागला. पुढच्या खेपेला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा वहिनीसाहेबांना उभं केलं. फ्लेक्सवर सरकार पुरुषभर आणि वहिनीसाहेब पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. लोकांनी त्यांना पाडलं. मला वाटतं त्या बिचाऱ्या सुटल्या म्हणून खूश झाल्या असाव्यात, कारण निकालाच्या दिवशी त्यांनी आमच्याकडे श्रीखंड पाठवलं.

तेव्हापासून सरकार 'भावी आमदार' आहेत. वाढदिवसाला फ्लेक्स लागतात, त्यावर तलवार, घोडा नाही, आणि खाली 'भावी आमदार'. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना मुलं होऊन त्या मुलांना मिशा आल्या, तरी सरकार भावीच. पक्ष मात्र त्यांनी एकही दुखावला नाही. सगळ्यांत जाऊन आले. किसन एकदा मला म्हणाला, "बाई, गाडीच्या डिकीत समद्या रंगाची उपरणी हायेत. सभेला उतरायच्या आधी मी इचारतो, आज कोणचं?"

मतं मिळत नसली तरी दहावा मात्र सरकार चुकवत नाहीत. लग्नाला निमंत्रण लागतं, बारशाला हौस लागते. दहाव्याला नुसतं जाऊन उभं राहिलं तरी घरचे आयुष्यभर विसरत नाहीत, हे त्यांचं राजकारणाचं सगळं शास्त्र. श्रद्धांजलीचं भाषण तोंडपाठ. "गोरगरिबांचा आधार, मनाचा राजा, सरकारांचा उजवा हात." इतके उजवे हात गेले की सरकारांना एकूण हात किती होते, असा प्रश्न पडतो. एकदा घाईत भलत्याच घाटावरची माहिती भलत्याच ठिकाणी सांगितली आणि गेलेल्याच्या ऐवजी त्याच्या थोरल्या भावाला, बबनरावांना, श्रद्धांजली वाहून मोकळे झाले. बबनराव पहिल्या रांगेत टोपी सावरत उठले आणि म्हणाले, "सरकार, मी हाय अजून."

दुसरा माणूस असता तर जमिनीत गेला असता. सरकारांच्या नाकावरची माशीदेखील उठली नाही. म्हणाले, "बबनराव, चांगलं बोलायला माणूस जायची वाट कशाला बघायची. बसा खाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला.

असो. माझा आणि सरकारांचा खरा झगडा रस्त्यावरून आहे. आमच्या सोसायटीच्या तोंडाशी एक मोकळा प्लॉट पडलाय. चहूकडे दहा-दहा मजले उठले आणि मधोमध हे गवत, घाणेरीची झुडपं आणि मुंगसं. त्या तुकड्याला वळसा घालून आमचा रस्ता जातो, आणि त्या वळणावर दर पावसाळ्यात कुणीतरी स्कूटरवरून पडतं. "तिथून सरळ रस्ता द्या," म्हणून मी अर्ज घेऊन गेले की सरकार म्हणतात, "देऊ की. शब्द आहे सरकारांचा." आणि दुसऱ्या मिनिटाला, "पण तिथे एक सही अडलीये. तो विषय संपलाय."

ती सही त्यांच्या थोरल्या बहिणीची होती. आणि ती बहीण माझी मैत्रीण होती.

आक्का आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या. सरदारघराण्यातली मुलगी, पण नवरा लवकर गेला, पदरात मनीषा ही एकच लेक, तेव्हा आक्कांनी मशीन उचललं आणि विश्रांतवाडीला दोन खोल्यांत संसार मांडला. भावाकडे एक पैसा मागितला नाही. त्यांची आई सरकार लहान असतानाच वारली होती, त्यामुळे भावाला मोठं आक्कांनीच केलेलं. "मान्या माझ्या हातनं भरवल्याशिवाय जेवायचा नाही. चांगला सहावीत जाईपर्यंत," त्या स्टाफरूममध्ये सांगायच्या. सरकारांना मान्या म्हणणारं माणूस या जगात तेवढं एकच होतं. मला ते ऐकायला फार आवडायचं. फ्लेक्स दिसला की मी मनात म्हणायचे, भावी आमदार मान्या.

जमिनी विकताना बहिणींनी हक्क सोडल्याची सही द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. बहीण सही देते, भाऊ साडीचोळी करतो, माहेर शाबूत राहतं. आक्कांनी आधीच्या सगळ्या जमिनींना सह्या दिल्या होत्या, न वाचता. "मागितली, दिली. भाऊ आहे," एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटचा राहिला हा कोपऱ्यातला तुकडा. तोवर मान्याचे सरकार झाले होते, नगरसेवक झाले होते, आणि मतं सोडून काही मागायची सवय मोडली होती. त्या वर्षी भाऊबिजेला ते आक्कांकडे गेले. आक्कांनी पाट मांडला, ओवाळलं. सरकारांनी ताटात भारीतली पैठणी ठेवली. आक्कांनी घडी उचलली, तर खाली हक्कसोडपत्र, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची फुली.

या माणसाने आयुष्यात अनेक मूर्खपणे केले, पण त्या कमानीपेक्षाही हा मोठा. आक्कांनी पैठणी पुन्हा घडीवर घडी घालून ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "मान्या, मागितली असतीस तर दिली असती. ओवाळणीत घातलीस. आता नाही." सरकारही उठले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. इथे तर सुंभही शाबूत होता. "विषय संपला," म्हणाले आणि जिना उतरले. त्यानंतर भाऊबिजेला गेले नाहीत. वर्षामागून वर्षं गेली. इकडे प्लॉटमध्ये मुंगसांच्या पिढ्या वाढल्या.

एका भाऊबिजेला मी आक्कांकडेच होते. संध्याकाळी त्या निरांजन घेऊन गॅलरीत गेल्या. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, तसं त्यांनी चंद्राच्या त्या बारीक कोरीला ओवाळलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "आक्का, भाऊ असताना हे कशाला?"

"चंद्र वेळेवर येतो," त्या म्हणाल्या. पण निरांजन हातात धरून त्या बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत उभ्या होत्या, हे मी पाहिलं. त्यांना भाऊ हवा होता. प्लॉट गेला खड्ड्यात, त्यांना तो जिन्यावरून वर यायला हवा होता. हे त्यांनी कधी म्हटलं नाही आणि मला न म्हणताही कळत होतं.

मागच्या वर्षी आक्का आजारी पडल्या. साधं दुखणं नव्हतं. मनीषा दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलेली आणि मी डबा घेऊन जाऊन-येऊन. शेवटी एक दिवस मी सरकारांच्या बंगल्यात शिरले. ते वाघाखाली बसून पेपरात आपला फोटो शोधत होते.

"सरकार, आक्कांना दवाखान्यात ठेवलंय."

"आपटेबाई, तो विषय संपलाय."

"संपत आलाय. म्हणूनच आले."

त्यांनी पेपरची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. मी दाराकडे वळले, तेव्हा मागून आवाज आला, "जेवती का?"

तो आवाज भाषणातला नव्हता. मी वळून पाहिलं, पण सरकार वाघाच्या कानातला कापूस बोटाने आत ढकलत होते.

"पेज घेतात. दोन-चार चमचे," मी म्हटलं.

"उद्या येतो म्हणून सांगा. शब्द आहे सरकारांचा."

मी तशीच रिक्षा करून दवाखान्यात गेले. आक्कांना सांगितलं. त्यांनी डोळे उघडले. "येतो म्हणाला? नुसतं, की शब्द आहे म्हणाला?"

"शब्द आहे म्हणाले."

"मग नाही यायचा," आक्का म्हणाल्या. "नुसतं येतो म्हणाला असता तर आला असता."

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मनीषाकडून वेणी घालून घेतली. स्वच्छ पातळ नेसून घेतलं. पडल्या पडल्या दाराकडे बघत राहिल्या. दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. सरकार कुठल्याशा घाटावर हात जोडून उभे, खाली मजकूर, 'सरकारांचा उजवा हात हरपला'. मी फोन पर्समध्ये टाकला. मला इतका संताप आला होता की तो माणूस समोर असता तर मी त्याची तलवार त्याच्याच डोक्यात घातली असती. त्या आठवड्यातच आक्का गेल्या. अग्नी द्यायच्या वेळीही सरकार नव्हते. गावाला गेले होते म्हणे, निरोप उशिरा मिळाला.

दहाव्याला आम्ही मोजकीच माणसं नदीवर जमलो. सगळं मनीषाने करायचं, असं आक्कांनीच सांगून ठेवलं होतं. पोहोचतो तर घाटाच्या शेवटच्या पायरीवर सरकार उभे. भटजींच्याही आधी. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. किसनला गाडीतच बसवलं होतं. उपरणं नाही, गंध नाही, दाढीचे पांढरे खुंट. मनीषाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. मी तेवढंही केलं नाही.

पिंड मांडला. आक्कांना आवडायचा म्हणून मनीषाने पुरणपोळीचा तुकडा ठेवला. कावळे होते. पत्र्याच्या शेडवर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरेना. मनीषा हात जोडून म्हणाली, "आई, मी नीट राहीन. वेळेवर जेवीन. काळजी करू नकोस." कावळे हलले नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आक्का, तुमच्या तुळशीला मी पाणी घालत जाईन." नाही. मीही म्हटलं काहीतरी, मनातल्या मनात. नाही. ऊन तापायला लागलं. मग व्हायचं तेच झालं. सगळ्यांच्या माना हळूहळू सरकारांकडे वळल्या.

सरकार पुढे आले. हात जोडले, डोळे मिटले. "आक्कासाहेब," ते भाषणाच्या आवाजात म्हणाले, "तो प्लॉट मनीषाच्या नावावर करतो. शब्द आहे सरकारांचा."

त्यातला अर्धा तिचा होताच. म्हणजे सरकार तिचंच तिला देत होते, निदान निम्मं तरी. पण एवढा हिशोब कावळ्याने केला असेल असं मला वाटत नाही. शेडवरचा एक कावळा उडाला, खाली आला, सरकारांच्या समोरून सरळ पलीकडे गेला आणि शेजारी दुसऱ्याच कुणाचा तरी पिंड मांडला होता, त्याला चोच लावली. तिकडे लोकांनी "शिवला, शिवला" म्हणून हात जोडले.

सरकारांचा चेहरा पडला. त्यांनी घसा खाकरला. "आक्कासाहेब, आमदारकीचा नाद सोडतो. शब्द आहे." माणसांत कुजबुज झाली. किसन गाडीतून अर्धा बाहेर आला. कावळ्यांना काही देणंघेणं नव्हतं. एक चोच पत्र्यावर घासत होता. सगळ्या गावांच्या कावळ्यांनी ज्यांचा शब्द मानला, त्यांचा शब्द सख्ख्या बहिणीचा कावळा मानेना. खरं सांगते, मला आधी आनंद झाला. म्हटलं, शाब्बास आक्का.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. जिवंत कावळा येत नसला की गवताची काडी वळून तिचा कावळा करतात आणि पिंडाला लावतात, वेळ भागते. भटजी पिंड पाण्यात सोडायला उचलू लागले, तर सरकार म्हणाले, "राहू द्या थोडा वेळ." भटजींनी खांदे उडवले. सगळे जेवायला वरच्या हॉलकडे निघाले.

पानं मांडली, तेव्हा मनीषा माझ्याजवळ आली. "मावशी, मामांना जेवायला बोलवता का? मला नाही जमायचं." मी नाखुशीनेच निघाले.

सरकार घाटाच्या पायरीवर बसले होते, कडक पांढऱ्या कपड्यांनिशी चिखलात. बूट स्वतःच काढून ठेवलेले. पाठ माझ्याकडे. पिंडाची पत्रावळ त्यांनी सावलीत ओढून घेतली होती आणि ते बोलत होते. मला आधी वाटलं फोनवर.

"आक्के, सही नगं मला. पलाट नगं, काय नगं. ये नुसती. सकाळधरनं उपाशी हायस."

मी तिथेच थांबले. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"बाई, ती भाऊबिजेला गॅलरीत उभी राहायची."

"माहितीय मला. चंद्राला ओवाळायच्या."

"मी खाली कोपऱ्यावर असायचो. गाडीत, काच वर करून. दरसाल. किसनला इचारा."

माझं डोकं फिरलं. "मग वर का नाही गेलात? दोन जिने होते नुसते. त्या रस्त्याकडे डोळे लावून उभ्या असायच्या."

"जाणार व्हतो. दर टायमाला वाटायचं, तिचं ओवाळून हू दे. मग ती ओवाळायची, आन्‌ मग वाटायचं, आता उशीर झाला." त्यांनी पत्रावळीवरची माशी हाकलली. "दवाखान्याच्या फाटकापातूर बी आल्तो त्या दिवशी. मग किसनला म्हनलं, घाटावर घे."

माझ्याजवळ उत्तर होतं. चांगलं झणझणीत होतं, दवाखान्यातल्या त्या दुपारपासून तयार केलेलं. या माणसाची मला चीड आली होती आणि त्याच्यासाठी रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून मी कठड्याकडे बघत राहिले. शेडवरचा एक कावळा उतरून कठड्यावर येऊन बसला होता. सरकारांनी हात जोडले नाहीत. डोळे मिटले नाहीत. पुरणपोळीच्या तुकड्याचे त्यांनी बारीक बारीक घास केले, लहान मुलाला भरवताना करतात तसे, आणि पत्रावळ थोडी पुढे सरकवली.

पुढचं मी पाहिलं नाही. तिथे मी परकी होते. पदर सावरत मी पायऱ्या चढून हॉलमध्ये आले. मनीषा वाढपी माणसाला थांबवून दारातच उभी होती.

"येतायत मामा?"

"त्यांचं पान वाढून ठेव," मी म्हटलं. "उशीर होईल. पण येतील."